विश्लेषण : तलंग अंड्यावर का येत नाही? उशीर कोंबडीचा की पाळणाऱ्याच्या हिशेबाचा?

परसातली कोंबडी पाच-सहा महिन्यांची होऊनही अंडे देत नाही, म्हणून ती आखाडात कापली जाते किंवा बाजारात विकली जाते. अनेकदा ती अंड्यावर येण्याच्या बेतात असते, नेमक्या तेव्हाच. हा उशीर कशामुळे होतो, तो कसा ओळखायचा आणि शासकीय योजनेने या काळाकडे का पाहायला हवे, याचा वेध.

आखाडात खुराड्यातल्या एक-दोन कोंबड्या कमी होतात, हे नेवासा तालुक्यातल्या वस्त्यांवर नवे नाही. श्रावण लागण्याआधी घरात सामिष जेवण होते आणि त्यासाठी हात आधी जातो तो ‘सहा महिने दाणे खाते, अंड्याचा मात्र पत्ता नाही’ अशा तलंगेकडे. तलंग म्हणजे वयात येत असलेली, पण अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. संक्रांतीच्या आसपास अंड्यातून निघालेले पिल्लू आखाडात साधारण साडेपाच महिन्यांचे असते. म्हणजे जिच्यावर सुरी फिरते, ती बहुतेक वेळा महिनाभरात पहिले अंडे देणारी असते.

सोनई, घोडेगाव, कुकाणा, भेंडा या भागात घरचे उत्पन्न म्हणजे ऊस, कांदा, कापूस आणि दूध. कोंबड्यांकडे जोडधंदा म्हणूनही फारसे कुणी पाहत नाही. तरीही अंड्यांचे चार पैसे बहुतेक घरांत थेट बाईच्या हातात येतात. उसाचे बिल किंवा दुधाचा पगार घरातल्या पुरुषाच्या खात्यावर जातो, अंड्यांचे पैसे वही-पेन्सिलीला आणि बसच्या तिकिटाला लागतात. त्यामुळे तलंग विकायची की ठेवायची, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

उशीर नेमका कधी म्हणायचा?

पहिली चूक अपेक्षेत होते. पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी १८ ते २० आठवड्यांत अंडी देऊ लागते आणि वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला हा आकडा परसातल्या कोंबडीला लावला जातो. पिंजऱ्यातल्या कोंबडीला मोजून खाद्य, मोजून प्रकाश आणि वेळेवर लस मिळते. परसातली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते आणि संध्याकाळी मूठभर बाजरीवर खुराड्यात शिरते.

जातीप्रमाणेही फरक पडतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया साधारण साडेपाच महिन्यांत अंड्यावर येते, तर त्याच संस्थेची वनराज सहा महिन्यांच्या आसपास. अस्सल गावरान आणि कडकनाथ यांना सहा ते सात महिने लागतात. खाद्य कमी पडले की यात आणखी काही आठवड्यांची भर पडते. गावरान कोंबडी २८ आठवड्यांची होईपर्यंत तिला ‘उशिरा’ म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण वयाची. दुचाकीवर किंवा पिकअपमध्ये जाळीचे खोके घेऊन येणाऱ्या विक्रेत्याकडून ‘गावरान’ म्हणून घेतलेल्या पिल्लांची जात आणि जन्मतारीख बहुधा कुणालाच सांगता येत नाही. त्यातली काही पुढे नर निघतात, काही फक्त मांसासाठीच्या संकराची असतात. घरी आणल्याचा दिवस हाच जन्मदिवस धरला किंवा अंदाजाने वय जास्त धरले, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. पिल्लू आणताना वय विचारून भिंतीवरच्या कालनिर्णयावर नोंद करणे, हा उशिरावरचा पहिला आणि बिनपैशाचा उपाय आहे.

अंड्यावर येत असल्याची खूण कोणती?

कॅलेंडरपेक्षा कोंबडीचे अंग जास्त खरे बोलते. फिकट, आखडलेला तुरा लालभडक आणि मोठा होऊ लागतो. हात पुढे केला की तलंग पळण्याऐवजी पंख किंचित पसरून खाली दबते. ती कोपरे, कडब्याची गंजी, रिकाम्या पाट्या धुंडाळू लागते आणि तिचे ओरडणे वाढते. शेपटीखाली हाताने चाचपले की दोन टोकदार हाडे लागतात. त्यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जात असेल तर वेळ आहे. दोन-तीन बोटे सहज बसत असतील तर पहिले अंडे जवळ आले आहे, किंवा ती कुठेतरी घालूही लागली आहे.

या खुणा दिसत असतील तर कोंबडी विकण्याचा विचार थांबवावा. वय पुरेसे होऊनही तुरा फिकट आणि छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागत असेल, तर दोष खाद्यात किंवा पोटातल्या जंतांत शोधावा.

दिवस लहान असल्याने अंडी थांबतात का?

थांबतात, पण आपल्याकडे हे कारण वाजवीपेक्षा जास्त सांगितले जाते. कोंबडीला प्रकाश केवळ डोळ्यांतून जाणवत नाही. तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यावरून अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके स्रवतात. दिवस मोठा होत गेला की तलंग लवकर वयात येते, लहान होत गेला की उशीर लागतो. अंड्यावर आलेल्या कोंबडीसाठी १४ ते १६ तासांचा उजेड चांगला मानला जातो.

नेवासा साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही भरत नाही. हिवाळ्यात कोंबड्या अंडी बंद करतात, हे मोबाइलवर फिरणारे सल्ले तिकडच्या अनुभवातून आलेले असतात. आपल्याकडे प्रकाशाचा परिणाम होतो, तो काही आठवड्यांच्या फरकाचा.

मात्र पिल्ले कधी आणली यावर हा फरक ठरतो. जुलैच्या सुरुवातीला निघालेले पिल्लू २४ आठवड्यांचे होते ते डिसेंबरच्या मध्यात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत. त्याची सगळी वाढ दिवस आखडत असताना होते. अशी तलंग जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबली तर नवल नाही. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये निघालेली पिल्ले फेब्रुवारी-मार्चमध्ये वयात येतात, तेव्हा दिवस वाढत असतो आणि उन्हाळ्याचा कडाका पुढे असतो. परसासाठी हा काळ अधिक सोयीचा.

हिवाळ्यात दिवा लावायचा तर पाच-सात वॉटचा पिवळसर एलईडी पुरतो. खुराड्यात वर्तमानपत्राचा मथळा वाचता येईल एवढा उजेड पुरे. दिवा पहाटे लावावा. संध्याकाळचा दिवा एकदम विझला की कोंबड्या अंधारात धडपडतात. सुरू केलेला दिवा अधूनमधून बंद ठेवू नये. पाच महिन्यांच्या आतल्या पिल्लांना हा वाढीव उजेड देऊ नये, कारण अंग भरण्याआधी अंड्यावर आलेली कोंबडी बारीक अंडी देते आणि तिची अंडनलिका बाहेर येण्याचा धोका असतो.

मग खरे कारण कोणते?

बहुतेक परसांत ते ताटात सापडते. बाजरी, ज्वारी, मका यांनी पोट भरते, पण अंडे बनायला प्रथिने लागतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावीत, असे धरले जाते. नुसत्या धान्यात ती साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतात. उरलेली कसर कोंबडी किडे, गांडुळे आणि कोवळा पाला खाऊन भरून काढते. उन्हाळ्यात जमीन कडक होते, किडे मिळत नाहीत. बिबट्याच्या धास्तीने किंवा शेजारच्या पिकात जातात म्हणून कोंबड्या दिवसभर कोंडल्या, तरी ही वाट बंद होते. उसाच्या पट्ट्यात ही धास्ती खरी आहे. रात्री खुराडे पक्के बंद हवेच, पण दिवसभर कोंडलेल्या कोंबडीला बाहेर जे मिळाले असते ते पाटीत द्यावे लागते.

त्यासाठी महागड्या गोणीची गरज नाही. भरडलेल्या धान्याच्या तीन भागांत एक भाग शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड, थोडी डाळीची चुनी आणि रोज हिरवा घास किंवा ॲझोला, एवढ्याने बराच फरक पडतो. तीन गोष्टी मात्र टाळाव्यात. कच्चे सोयाबीन पचनात अडथळा आणते, ते भाजून किंवा पेंड म्हणूनच द्यावे. म्हशीसाठी आणलेली सरकी पेंड कोंबड्यांपुढे टाकू नये, तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे अंड्याची प्रत बिघडते. बुरशी आलेला मका किंवा पेंड तर विषच. कांदा निवडून उरलेला सडका ढीगही खुराड्याजवळ नको, जास्त कांदा खाल्ल्याने कोंबडीचे रक्त कमी होते.

उलट टोकही आहे. वनराजसारखी अंगाने भारी कोंबडी मोकळ्या हाताने खाऊ घातली तर लठ्ठ होते आणि चरबीमुळे अंडी लांबतात. सहा महिन्यांच्या वनराज मादीचे वजन दोन ते अडीच किलोच्या दरम्यान असावे. त्याहून खूप जास्त असेल तर दाणे कमी करून तिला फिरू द्यावे.

चुन्याचा प्रश्न वेगळा. एका अंड्याच्या कवचासाठी जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम लागते आणि कवच बनण्याची क्रिया सुमारे २० तास चालते. पण चुना कमी म्हणून तलंग अंड्यावर येत नाही, असे सहसा होत नाही. चुना कमी पडला की अंडी पातळ कवचाची येतात आणि पुढे थांबतात. म्हणून तुरा लाल झाला की शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या भांड्यात ठेवावीत. लागेल तेवढे कोंबडी उचलते. अंड्यावरच्या कोंबड्यांचे जास्त चुन्याचे खाद्य लहान पिल्लांना दिले तर त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

पाण्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. अंड्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग पाणी असतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या पाण्याचे भांडे ठेवून अंड्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. छपरावर उसाचे पाचट टाकणे आणि दिवसातून दोनदा गार पाणी बदलणे, एवढे तरी घरात होऊ शकते.

रोगांचा संबंध किती?

मोठा आहे. उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीच्या पोटात जंत असतातच. ती खाते, पण अंगाला लागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध दिले तर अनेक ‘आळशी’ तलंगांचा तुरा काही आठवड्यांत लाल होतो. पिसवा आणि गोचीड रात्रभर रक्त पितात. त्यांच्यासाठी खुराड्याच्या फटी चुन्याने भरणे आणि कोंबड्यांना राखेत लोळू देणे उपयोगी पडते.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची साथ आली तर अख्खे खुराडे दोन-तीन दिवसांत रिकामे होते. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी या लसी त्यासाठीच असतात. लसीची कुपी मोठ्या संख्येच्या कोंबड्यांसाठी येते, दहा कोंबड्यांसाठी ती फोडणे परवडत नाही. वस्तीवरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी लस करून घेतली तर खर्च नाममात्र होतो. हे काम एकट्या घराचे नाही, गावाचे आहे.

अंडे येते, पण सापडत नाही असे होते का?

हमखास होते. मोकळी फिरणारी तलंग पहिली अंडी तुरीच्या ओळीत, कडब्याच्या गंजीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर घालते. तिथे मुंगूस, साप आणि कावळे आधी पोहोचतात. शंका असेल तर चार दिवस कोंबड्यांना सकाळी दहा-अकरापर्यंत कोंडून ठेवावे, कारण बहुतेक अंडी सकाळीच येतात. आत पाचट घातलेली पाटी जरा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. चार-पाच कोंबड्यांना एक पाटी पुरते.

गावरान कोंबडी १२ ते १५ अंडी घालून खुडूक होते, तेव्हा काही आठवडे ती अंडी देत नाही. तो तिचा स्वभाव आहे. पिल्ले हवी असतील तर तिला रवणीवर बसवावे, २१ दिवसांत पिल्ले निघतात. खुडूक झालेली कोंबडी बिघडलेली नसते, विजेशिवाय चालणारे ते उबवणी यंत्र असते.

थांबणे परवडते का?

समजा, घरात दहा तलंगा आहेत आणि चरण्याव्यतिरिक्त प्रत्येकीला रोज ५० ग्रॅम दाणे-पेंड लागते. मिश्रणाचा भाव किलोला ३० रुपये धरला तर दिवसाला १५ रुपये, महिन्याला ४५० रुपये. वीस आठवड्यांना वैतागून सगळ्या ३५० रुपयांनी विकल्या तर ३,५०० रुपये हातात येतात. आणखी सहा आठवडे थांबण्याचा खर्च ६३० रुपये. त्यातल्या आठच कोंबड्या अंड्यावर आल्या आणि प्रत्येकीने महिन्याला दहा अंडी दिली, तर ८० अंडी होतात. अंड्याला दहा रुपये धरले तर ८०० रुपये आणि चारशे रुपयांचे खाद्य वजा जाता चारशे रुपये. वर्षाचे ४,८०० रुपये आणि वर्षअखेर कोंबड्यांची २,८०० रुपये किंमत, मिळून ७,६०० रुपये. थांबण्याचा खर्च वजा केला तरी विकून आलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट. घरात मुलांनी खाल्लेल्या अंड्यांचे मोल याच हिशेबात आहे, फक्त ते रोखीत दिसत नाही.

हा हिशेब साथ आली तर कोसळतो, हेही खरे. प्रत्येक तलंगेची वाट कायम पाहावी असेही नाही. जंताचे औषध झाले, प्रथिने मिळाली, जागा मिळाली आणि तरीही ३२-३४ आठवड्यांना तुरा फिकट व हाडे जुळलेली असतील, तर ती कोंबडी विकण्यात काही चूक नाही. आक्षेप तपासणी न करता, केवळ कंटाळून विकण्याला आहे.

यात शासनाची भूमिका कुठे येते?

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि तीन नर असा गट ५० टक्के अनुदानावर दिला जातो. हेतू चांगला आहे. पिल्लांच्या मरतुकीचे पहिले दोन महिने विभाग स्वतःवर घेतो, हेही योग्य. पण या तलंगा अंड्यावर येतात त्या २४ ते २८ आठवड्यांनी. मधल्या साडेतीन-चार महिन्यांत उत्पन्न शून्य आणि खर्च रोजचा असतो. याच काळात खुराडी रिकामी होतात. किती गट वाटले यावरून योजना मोजली, तर किती घरांत पहिले अंडे आले हे कधीच कळणार नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व इतर पक्ष्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातले होते, म्हणजे दर शंभरात ३७. पुढच्या काळातील देशाच्या अंडी उत्पादनात परसाचा वाटा मात्र १५ टक्क्यांच्याच आसपास आहे. परसात नर, पिल्ले आणि कमी अंडी देणाऱ्या जाती जास्त असतात, हे त्याचे एक कारण. तरीही पक्षी वाढवण्यापेक्षा आहेत त्यांना अंड्यावर आणण्यात किती वाव आहे, ते या आकड्यांवरून दिसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणसाला वर्षाला १८० अंडी मिळायला हवीत, देशात उपलब्धता शंभरच्या थोडी वर आहे.

यासाठी नवी योजना नको, आहे त्या योजनेला शेपूट जोडायला हवे. गटासोबत जात, जन्मतारीख आणि पहिले अंडे अपेक्षित असलेला महिना लिहिलेले कार्ड द्यावे. विसाव्या आणि सव्विसाव्या आठवड्यात एकेक भेट व्हावी. उमेद अभियानाच्या पशुसखी गावोगावी आहेत, हे काम त्यांना मानधनासह देता येईल. लस आणि जंताच्या औषधाचा दिवस वस्तीनिहाय ठरवावा. दिवस वाढत असताना तलंगा वयात येतील अशा बेताने वाटपाचे महिने निवडावेत. शेजारच्या राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. नेवाशात मिळणारे धान्य, पेंड आणि घास यांतून परसासाठी स्वस्त मिश्रण कसे करावे, हे एका पानाच्या मराठी तक्त्यात घरोघरी पोहोचवणे अवघड नाही.

प्रत्येक कोंबडीमागे सरकारने धावायचे का, असा प्रश्न कुणी विचारेल. उत्तर साधे आहे. अनुदान कोंबडीसाठी दिलेले नसते, अंड्यासाठी दिलेले असते. अंड्यापर्यंत न पोहोचलेला गट म्हणजे अर्धी किंमत सरकारने भरलेले आखाडाचे जेवण. ते थांबवायचे तर घरातही एक सवय लागावी. तलंग बाजारात नेण्याआधी तिचे वय मोजावे, तुरा पाहावा, दोन बोटांनी हाडे तपासावीत आणि गंजीत एकदा हात घालून बघावे. अंडी कदाचित तिथेच असतील.